उंचावरची तहान

संध्याकाळी कामावरून घरी आली की क्रेनवाली चपला काढायच्या आधी पाणी प्यायची. दारातच उभी राहून एका दमात एक तांब्या, लगेच दुसरा, मग जरा भिंतीला टेकून तिसरा. तिची आई रोज बघायची आणि रोज तेच म्हणायची, "अगं, नळाला पाणी येतं म्हणून बरं, नाहीतर तुझ्या एकटीसाठी विहीर खणावी लागली असती." क्रेनवाली हसायची. हसण्यावर नेलं की पुढचं बोलावं लागत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, सोड ते काम. आणि ते काम सोडायची तिची अजिबात तयारी नव्हती.

काम होतंच तसं. ओतकामाचा कारखाना. जुन्यापुराण्या लोखंडाचं भट्टीत पाणी करायचं आणि ते वाळूच्या साच्यांत ओतायचं. भट्टीपासून साच्यांपर्यंत ते लालभडक पाणी न्यायला शेडच्या छताखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली क्रेन होती, आणि क्रेनच्या पोटाला लटकलेली काचेची केबिन. केबिन म्हणजे काय, कपाट. एक खुर्ची, दोन दांडे, एक पंखा. तो पंखा खालून वर आलेली गरम हवा तोंडावर मारायचा. खालच्या माणसांना भट्टीची धग एका बाजूने लागते, वरच्या माणसाला ती चहूबाजूंनी लागते. त्या कपाटात बसून क्रेनवालीने आयुष्याची उमेदीची सगळी वर्षं काढली.

ती कारखान्यात आली ती वाळू चाळायला. तेव्हा वर एक म्हातारा बसायचा. त्याची नजर अधू झाली तशी फोरमनने एकेक करून बरेच गडी वर चढवून पाहिले, पण कुणाचाही हात स्थिर नव्हता. कुणी झटका द्यायचा, कुणी हेलकावा. हिने वाळू चाळता चाळता म्हाताऱ्याचा हात वर्षानुवर्षं बघून ठेवला होता. एक दिवस फोरमन वैतागून म्हणाला, "आता काय बायकांना चढवू का वर?" आणि ही चाळणी खाली ठेवून म्हणाली, "चढवून बघा." तिने पहिला साचा उचलला आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा जागेवर ठेवला. खाली कुणीतरी म्हणालं, "बाई वर आणि बुवे खाली, कलियुग हो!" सगळे हसले, तीही हसली. त्या दिवशी तिला वाटलं होतं, जिंकले.

पण माणूस वर बसला तरी त्याचं शरीर काही खाली राहत नाही. शेडमध्ये मुतारी एकच, पुरुषांची, वाळूच्या ढिगामागे. बायकांची सोय होती ती मोकळं पटांगण ओलांडून ऑफिसच्या इमारतीत, आणि तिला कुलूप. आधीचा म्हातारा वर एक बाटली ठेवायचा, ती कशाची हे कुणी विचारायचं नाही. बाईला तेही जमण्यासारखं नाही. वरच्या कामाला लागून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एकदा अगदीच असह्य झालं म्हणून ती शिडी उतरून खाली आली. क्रेन थांबली तसं सगळंच थांबलं. रिकामे झालेले गडी हातातले पाने पत्र्यावर वाजवायला लागले. एकजण ओरडला, "बाजूला व्हा, बाईसाहेबांची स्वारी निघाली!" ऑफिसात कारकुनाने किल्ली द्यायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कशाला हवी?" ती परत आली तेव्हा फोरमन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बाई, धातू थंड होतो," तो म्हणाला. "थंड झाला की परत भट्टीत जातो, सगळ्यांची मेहनत पाण्यात. धातू तुमच्यासाठी थांबत नाही. जमत नसेल तर आत्ताच सांगा. वाळू आहेच."

क्रेनवालीने कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही, आणि शिफ्ट सुटेपर्यंत एकदाही खाली उतरली नाही. फोरमन खूश झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इथे दाबायची जागा तेवढी वेगळी.

अशी वर्षं गेली. गडी बदलले, फोरमन बदलले, पाने वाजवणारे म्हातारे होऊन घरी बसले. नवीन आलेले तिला मान द्यायला लागले, ताई म्हणून हाक मारायला लागले. तिने कधी साचा पाडला नाही, धातू सांडला नाही. मग एकदा कारखाना बघायला कुणी बडे पाहुणे आले. त्यांनी मान वर केली तर काचेत बाई. त्यांनी तिचे इतके फोटो काढले की भट्टीकडे बघायचं राहूनच गेलं. त्यानंतर ऑफिसातल्या एका मॅडमना कल्पना सुचली. उपक्रमाचं नाव 'ताईची साथ'. कारखान्यातल्या कर्त्या बाईने शाळेतल्या एका मुलीला हाताशी धरायचं, आठवड्यातून एकदा भेटायचं, तिचा आत्मविश्वास वाढवायचा. कर्त्या बाया शोधायला गेले तर सापडली ही एकच. वयाने ती कुणाचीही मावशी शोभली असती, पण उपक्रमाच्या नावापायी ताई झाली. मॅडमनी तिच्या हातात एक छापील कार्ड दिलं. मोठी स्वप्नं बघा, स्वतःवर विश्वास ठेवा, असं त्यावर होतं. क्रेनवालीने ते दोनदा वाचलं. तिच्या मनात आलं, पोरीला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काम दिसतंय.

पोरगी मिळाली ती कँटीनवाल्या मावशींची. आठवीत होती. सगळे तिला कुजबुज म्हणायचे, कारण तिचं बोलणं ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागायचा. वर्गात हजेरी घेताना तिचं 'हजर' बाईंपर्यंत पोचायचं नाही, आणि समोर बसलेली असूनही पोरीची गैरहजेरी लागायची. घरी बाप नव्हता. आईचा भाऊ घरात राहायचा, आणि त्या मामाचा आवाज एवढा मोठा की दुसऱ्या कुणाच्या आवाजाला त्या घरात जागाच नव्हती.

पहिल्या भेटी म्हणजे शिक्षाच. एक आयुष्यभर काचेत बसलेली, दुसरी तोंडाला कुलूप लावलेली. दोघी कँटीनच्या कोपऱ्यातल्या बाकावर समोरासमोर बसायच्या, आणि मधून मॅडम डोकावून विचारायच्या, "छान गप्पा चालल्यात ना?" क्रेनवाली म्हणायची, हो. कुजबुजसुद्धा काहीतरी म्हणायची, बहुतेक हो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला क्रेनवालीचा धीर सुटला. ती म्हणाली, "चल, इथे बसून आपल्याला काही बोलता येणार नाही." सुट्टीचा दिवस होता. भट्टी बंद होती, क्रेनला तेलपाणी करायचं होतं. तिने कुजबुजच्या डोक्यावर शिरस्त्राण बसवलं, ते कानांवर उतरलं. तिला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ, भट्टी सुरू असली की इथे कुणाचाच आवाज कुणाला ऐकू जात नाही. भलेभले ओरडणारे इथे मुके होतात. इथे सगळं हाताने बोलायचं. बोट वर करून गोल फिरवलंस की हुक वर. खाली करून फिरवलंस की खाली. पंजा समोर धरलास की थांब. मी वर बसते. तू बोल."

ती वर जाऊन बसली. खाली कुजबुजने बोट फिरवलं, पण कसं, कोपर बरगडीला चिकटलेलं आणि बोट पोटाशी, चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं. क्रेनवालीला ते स्पष्ट दिसलं. तिने दांड्याला हात लावला नाही. कुजबुजने पुन्हा फिरवलं. हुक हलला नाही. पोरीने आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत नव्हतं. हात थोडा वर आला. क्रेनवाली वाट बघत बसली. मन घट्ट करून बसली, कारण हलवावंसं फार वाटत होतं. शेवटी पोरीने हात खांद्यापासून उचलला, डोक्याच्या वर सरळ नेला आणि बोट असं गरागरा फिरवलं की शिरस्त्राण पडता पडता राहिलं. तेव्हा कुठे छताखालचं ते धूड घरघरलं आणि हुक वर जायला लागला. कुजबुज घाबरली. तिने झटकन पंजा पुढे धरला. तिच्या अख्ख्या घराहून जड असलेली ती वस्तू जागच्या जागी थांबली.

तिने आपल्या पंज्याकडे असं पाहिलं, जणू तो आजच फुटला होता. मग ती हसली. वरून हसण्याचा आवाज ऐकू येत नव्हता, पण क्रेनवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या हातून आजवर हजारो साचे उचलले गेले असतील, माणूस हा पहिलाच.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. वर्गात एके दिवशी 'हजर' असं आलं की बाईंच्या हातातला खडू पडला. घरी मामा म्हणाला, पुरे झाली शाळा, आता आईबरोबर भांडी घासायला जा. कुजबुजने त्याच्या नाकासमोर पंजा धरला. "थांब मामा. माझं बोलणं संपायचंय." मामा थांबला. खरोखर थांबला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी थांब म्हटलंच नव्हतं, त्यामुळे न थांबायची त्याला सवय होती, थांबायला सांगितल्यावर काय करायचं हे ठाऊक नव्हतं. कँटीनवाल्या मावशी ही गोष्ट चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगायला लागल्या. हत्तीवरून साखर वाटायची तेवढी बाकी होती. मॅडमनी तिचं भाषण ठेवलं, टाळ्या झाल्या. क्रेनवाली मागच्या रांगेत उभी राहून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, बाकी काही नाही, पण ही एक गोष्ट आपल्या हातून चांगली झाली.

आणि मग कुजबुज म्हणाली, "ताई, मी पण क्रेनच चालवणार."

ऐकून क्रेनवालीचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी ती घाबरलीही. दोन्ही एकदम. एव्हाना तिला वरचेवर ताप यायचा, लघवीला आग व्हायची, पावलं सुजायची. सूज दिसू नये म्हणून ती एक नंबर मोठे बूट घालायला लागली होती.

कुजबुजची नजर तिखट होती. जी पोरगी बरीच वर्षं बोललेली नसते ती बघायला शिकलेली असते. एक दिवस शिडीच्या खालच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या, आणि पोरीने विचारलं, "ताई, सगळे गडी पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात. तुम्ही वर पाणी का नेत नाही?"

खरं उत्तर क्रेनवालीच्या जिभेवर होतं. ती एका वाक्यात सांगू शकली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर मामा आला, जो हेच ऐकायला टपून बसला होता, बघ, बायकांचं काम नाही ते. कँटीनवाल्या मावशी आल्या. भाषण, टाळ्या, सगळंच आलं. आणि खोटं कशाला बोला, तिची स्वतःची शानही आली. या पोरीच्या नजरेत ती वर काचेत बसलेली होती. तिथून उतरून मुतारीच्या किल्लीसाठी हात पसरणारी बाई व्हायला तिला जड गेलं. मूठ झाकलेली बरी, असं तिला वाटलं.

"सवय होते गं," ती म्हणाली.

कुजबुजने मान डोलावली. परीक्षेत येणारं काही सांगितल्यावर हुशार मुलं डोलावतात तशी. छापील कार्डावरची एकही ओळ त्या पोरीला कधी पाठ झाली नाही. हे दोन शब्द झाले.

ती शिकली. क्रेनचं प्रशिक्षण तिने मुलांच्या वर्गात एकटीने पुरं केलं, आणि पहिल्या नंबराने केलं. ती कारखान्यात रुजू व्हायच्या आधी क्रेनवालीला एकदा शिफ्ट संपल्यावर शिडी उतरताच येईना. दोन गड्यांनी धरून खाली घेतली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि विचारलं, "पाणी किती पिता?" तिने सांगितलं. "किती वर्षं?" तेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले की दोन्ही किडन्या जवळजवळ कामातून गेल्या आहेत. तिला भीती वाटायच्या आधी लाज वाटली. चोरी पकडली गेल्यासारखी.

भीती नंतर आली, आणि ती स्वतःची नव्हती. आता त्या कपाटात कुजबुज बसणार होती.

क्रेनवाली तशीच सुजल्या पायांनी मॅडमकडे गेली. आयुष्यात दुसऱ्यांदा ती याबद्दल कुणाशी बोलत होती. तिने सांगितलं, क्रेनच्या शिडीजवळ बायकांसाठी मुतारी बांधा, आणि मधून उतरायला हक्काची वेळ द्या. मॅडम मनाने वाईट नव्हत्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" हा प्रश्न मोठा गमतीचा असतो. ज्यांच्या दारात बोलायची सोय नसते तेच तो विचारतात.

पण मुतारी झाली. खरंच झाली, शिडीपासून हाकेच्या अंतरावर. पांढऱ्या फरश्या, आरसा, कोपऱ्यात फुलदाणीसुद्धा. फीत कापली. कुजबुजने तिथे उभं राहून माइकशिवाय भाषण केलं आणि शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. उतरायच्या वेळेचं मात्र कुणी काही बोललं नाही. मग पाहुण्यांना ती जागा दाखवायची पद्धत पडली. दाखवायची तर स्वच्छ हवी. गडी वापरतात, घाण करतात, अशी तक्रार आली. तेव्हा कुलूप लावलं. आणि किल्ली? किल्ली ऑफिसात, कारकुनाच्या टेबलाच्या खणात, पटांगणापलीकडे. डोंगर पोखरून उंदीर निघाला, आणि त्या उंदरालाही कुलूप.

क्रेनवाली पुन्हा गेली. मॅडम म्हणाल्या, बघते. बघेपर्यंत त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी तिला खुर्चीवर बसवलं, चहा विचारला, सगळं ऐकून घेतलं, आणि हसतमुखाने म्हणाले, "एवढं बांधून दिलं तरी तक्रार आहेच का? हे असं असेल तर पुढे मुली घेताना विचारच करावा लागेल."

फोरमनने हेच तर म्हटलं होतं. फक्त तेव्हा ती एकटी होती; आता तिच्यामागे न जन्मलेल्या पोरींची रांग उभी केली होती. ती उठली. त्यानंतर तिने कारखान्यात पाऊल ठेवलं नाही. ठेवायला पायच चालेनात. घरून तिने कुजबुजला एवढंच सांगितलं, "किल्ली मागून घेत जा. लाजू नकोस." कुजबुज म्हणाली, "हो ताई." क्रेनवालीने त्या 'हो'वर विश्वास ठेवला. ठेवला नसता तर झोप लागली नसती.

मग इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. यंत्राला जोडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, घरी येऊन मेल्यासारखं पडायचं, की पुन्हा फेरी. शरीरातलं पाणी बाहेर टाकणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलं. दिवसाकाठी एक लहान भांडं, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. तिची आई ते भांडं सकाळी भरून ठेवायची आणि दिवसभर त्याच्यावर पहारा करायची. म्हातारीच्या तोंडची थट्टा पळाली होती. लेकीचा घसा सुकायचा, ओठ चिकटायचे, ती नळाकडे बघायची, आणि म्हातारी पदराने डोळे पुसत नाही म्हणायची. समोर पाणी असताना स्वतःहून सोडलं ती तहान वेगळी होती. तीत निदान एक ऐट होती. या तहानेत काहीच नव्हतं.

कुजबुज येत राहायची. कारखान्यातल्या गोष्टी सांगायची, कोण कुणाशी भांडलं, कुठला साचा फुटला. एकदा दुपारी ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक छोटी मुलगी होती, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. 'ताईची साथ' उपक्रम चालूच होता. आता कुजबुज ताई झाली होती.

"हिला तुम्हाला भेटवायचं होतं," कुजबुज म्हणाली. "हिला मी नेहमी सांगते, मला कुणी घडवलं ते. बोल गं, नमस्कार कर."

छोटीने नमस्कार केला. क्रेनवालीने तिला जवळ बसवलं. बरं वाटलं तिला, फार दिवसांनी. आईने आतून तीन पेले पाणी आणलं, दोन पाहुण्यांचे भरलेले आणि एक लेकीचा, तळाशी घोटभर असलेला. बाहेर ऊन रणरणत होतं.

"मला नको, आजी," कुजबुज म्हणाली. "दुसरी शिफ्ट आहे. इथूनच जाणार."

क्रेनवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांवर सालं निघाली होती. डोळ्यांखाली फुगलं होतं. मग तिची नजर खाली गेली. सँडलचा पट्टा पोरीच्या घोट्यात रुतला होता.

"किल्ली मागत नाहीस ना?" तिने विचारलं.

कुजबुजने पाय मागे ओढून घेतले.

"माझ्याकडे बघ. हे माझं कशाने झालं, माहीत आहे तुला? तेव्हा तू विचारलं होतंस आणि मी तुला खोटं सांगितलं. सवय कसली होतेय? शरीर आतून सडतं. ऐकतेस का? मी खोटं बोलले."

"माहीत आहे, ताई."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं मला. वर चक्कर आली होती, कुणाला बोलले नाही." तिचा आवाज शांत होता, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. "साहेब म्हणालेत, माझं वर्ष नीट गेलं तर अजून दोन मुली घेऊ. मी सारखी उतरायला लागले तर घेतील का? तुम्ही उतरला असतात, तर मला तरी कुणी घेतलं असतं का?"

पोरीने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर क्रेनवालीने सोसलं असतं. पण पोरगी हे उपकार मानून म्हणत होती. स्वतःच्याच मनातला सगळा हिशोब क्रेनवालीला समोरून ऐकू येत होता, आणि तो मांडायला लागणारा आवाज, ती हिंमत, मान ताठ ठेवायची ती रीत, सगळं तिनेच दिलं होतं.

"मग मी तुला शिकवलं तरी काय?" ती म्हणाली. तिला रडायचं होतं, पण डोळेही कोरडेच राहिले.

"असं काय बोलता?" कुजबुजने तिचा हात हातात घेतला. "तुम्ही नसतात तर मी अजून तोंडातल्या तोंडातच पुटपुटत असते."

म्हातारीला दोघींचं काय चाललंय ते धड कळलं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की भरलेले दोन पेले तसेच पडले आहेत. तिने त्यातला एक उचलून छोटीच्या हातात दिला. "तू तरी पी गं बाळ. केवढ्या उन्हातून आलीस."

छोटीने पेला घेतला. घसा तिचाही सुकला असणार, कारण तिने तो लगेच तोंडाशी नेला. मग तिने कुजबुजकडे पाहिलं, कुजबुजच्या न शिवलेल्या पेल्याकडे पाहिलं, आणि आपला पेला थेंबही न सांडता खाली ठेवला.

"नको आजी," ती म्हणाली. "मी पण क्रेनवरच जाणार आहे."

आवाज अगदी खणखणीत होता.